पाच जणांचं कुटुंब, चार जणांचं टेबल

पत्राचा गोषवारा: न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. सासू-सासरे पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. सासऱ्यांची नोकरीची बरीच वर्षं डेक्कन क्वीनच्या पासावर गेली, रेल्वे हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. म्हणून नवऱ्याच्या मनात आलं की नाताळात सगळ्यांना ‘डिनर ट्रेन’ने न्यायचं. जुन्या धाटणीच्या डब्यात बसून तीन तासांची फेरी आणि सोबत साग्रसंगीत जेवण. २४ डिसेंबर, संध्याकाळी सहाची गाडी, घरापासून दोन तासांच्या ड्राइव्हवर. तिकीट मोठ्यांना ११५ डॉलर, सहा वर्षांच्या मुलाला ८५. सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. ताईंना हा खर्च पटत नाही. पण ‘नको’ म्हटलं तर सासू-सासऱ्यांसाठी हात आखडता घेतला असं दिसेल, ही धास्ती आहे. नवऱ्याचं म्हणणं एकच, ‘ते कितीदा येणार आहेत?’ ताई विचारतात, ही गाडी एवढ्या पैशांच्या लायकीची आहे का?

*

तुमच्या पत्रात तिकिटांच्या हिशोबावर अख्खा परिच्छेद आहे, सासऱ्यांच्या रेल्वेवेडावर चार ओळी आहेत, सासूबाईंच्या गुडघ्यांवर दोन. नवऱ्याची बाजूही तुम्ही प्रामाणिकपणे मांडली आहे. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला जातोय, त्या दोघांना काय वाटतं हे मात्र कुठेच नाही. बहुधा त्यांना अजून कोणी विचारलेलंच नाही.

न विचारण्यामागचं कारण मला कळतं. विचारलं की ‘कशाला उगाच खर्च करता’ हेच ऐकायला मिळणार. म्हणून मुलं परस्पर तिकिटं काढून मोकळी होतात. पण ‘जायचं का?’ असं विचारलं तर आपल्याकडचे आईवडील खर्चाबद्दल उत्तर देतात, आवडीबद्दल देत नाहीत. तेव्हा प्रश्नच वेगळा विचारा. ‘बाबा, वाफेचं इंजिन जवळून बघायला आवडेल, की नदीच्या काठाकाठाने जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसायला?’ ‘आई, तीन तास एका जागी बसणं जमेल, की मध्ये उतरून पाय मोकळे करावेसे वाटतील?’ अशा प्रश्नांना ‘कशाला’ असं उत्तर देता येत नाही. तिकिटाचा विषय तुम्ही होऊन काढू नका. त्यांनी विचारलंच तर खरा आकडा सांगा. पुढे कधी तरी कळणारच असतो, आणि लपवलेला आकडा कळला की जास्त खुपतो.

आता पैशांबद्दल. पाच तिकिटांचे ५४५ डॉलर. त्यावर टॅक्स, आणि वाढणाऱ्यांची टिप तिकिटात धरलेली नसेल तर १८ ते २० टक्के तीही. शिवाय वरून मागवलेली पेयं आणि जाऊन-येऊन चार तासांचं गॅस. हे सगळं मिळून सातशेच्या घरात जातं. ही रक्कम मोठी आहे असं म्हणण्यात कंजूषपणा नाही. तुम्ही मनात एक समीकरण मांडून बसला आहात, की या खर्चाला नाही म्हणणं म्हणजे त्या माणसांना नाही म्हणणं. ते सोडून द्या. तुमच्या नवऱ्याच्या मनात त्याच्याच उलट बाजूचं समीकरण आहे, जितकं महाग तितकं आईबाबांसाठी जास्त केलं. परदेशात राहणाऱ्या मुलांच्या मनात ही रुखरुख असतेच आणि ती खरी असते, तिला नावं ठेवायचं मला कारण नाही. पण तिच्या भरात तिकीट काढलं तर ते आईबाबांच्या सोयीचं निघेल याची काही खात्री नसते.

गाडीकडे वळू. सर्वात आधी घड्याळ बघा. २४ डिसेंबरला तुमच्या भागात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. सहाची गाडी सुटेल तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असेल. आत दिवे लावलेले, टेबलावर आणखी एक दिवा, म्हणजे खिडकीच्या काचेत दिसणार ते आपलेच चेहरे आणि समोरच्या बशा. बाहेरचं बघायचं तर काचेला कपाळ टेकवून दोन्ही हातांनी आडोसा करावा लागतो. तेवढं करून दिसतं काय, तर फाटकाचे लुकलुकणारे लाल दिवे आणि एखाद्या गोदामामागे उभे असलेले ट्रक. जाहिरातीतले फोटो पुन्हा नीट बघा. दरीचे, पुलाचे, रंगलेल्या पानांचे फोटो असतील तर ते दिवसाउजेडी काढलेले असणार. याच गाडीची दुपारच्या जेवणाची फेरी असेल तर डिसेंबरात मी डोळे मिटून तीच घेईन. अनेक ठिकाणी अशी फेरी असते, आणि ती रात्रीच्या फेरीपेक्षा सहसा स्वस्तही पडते. रात्रीचीच घ्यायची असेल, तर वाटेत रोषणाई केलेली आहे का हे विचारून घ्या. ती असली तर अंधारही उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट वेगाची. अशा गाड्या बऱ्याचदा जुन्या मालवाहतुकीच्या फाट्यांवरून धावतात. अमेरिकेत फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशनने रुळांच्या वर्गवारीनुसार वेगाची मर्यादा घालून दिली आहे. पहिल्या वर्गाच्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या रुळांवर प्रवासी गाडीला ताशी १५ मैल, दुसऱ्या वर्गाच्या रुळांवर ३० मैल. शिवाय तीन कोर्सचं जेवण निवांत व्हायला हवं, सूप सांडायला नको, त्यामुळे मुद्दामही हळूच चालवतात. गाडी थोडे मैल जाते, थांबते आणि त्याच रुळांवरून परत येते. कुठे पोचत नाही. यात फसवणूक कसलीच नाही, तिचा हेतूच तो आहे. पण सासऱ्यांना हे आधी सांगितलेलं बरं.

कारण डेक्कन क्वीनचं प्रेम वेगळ्या जातीचं असतं. १ जून १९३० पासून धावणारी ती गाडी, तिला डायनिंग कार आहे हे खरं. पण पासवाला माणूस त्या गाडीवर जीव लावतो तो जेवणापायी नव्हे. ठरलेला डबा, ठरलेली मंडळी, पत्त्यांचा डाव, घरी परतताना कर्जतला बँकर, म्हणजे घाट चढायला मागून ढकलणारी जादा इंजिनं, लागले की जाणवणारा तो हलका धक्का आणि मग खंडाळ्याचा चढ. मिनिटाचा उशीर झाला तरी त्यावर चर्चा. सासऱ्यांना एकदा सहज विचारा, डेक्कन क्वीनमधलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय आठवतं? इंजिन, घाट, बँकर असं काही म्हणाले तर त्यांना यंत्र आणि वाट बघायची आहे, नॅपकिनची घडी नव्हे. ‘आमचा ग्रुप’ म्हणाले तर त्यांना गप्पा मारायला माणसं हवीत. आणि ‘डायनिंग कारमध्ये बसून खायची फार इच्छा होती, पण राहूनच गेलं’ असं निघालं, तर माझा पुढचा सगळा सल्ला बाजूला ठेवा आणि ही गाडी खुशाल बुक करा.

आता ज्या गोष्टी बुकिंगच्या पानावर ठळक दिसत नाहीत त्या. डायनिंग डब्यातली टेबलं सहसा चौघांची असतात, दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि मधून चिंचोळी वाट. तुम्ही पाच आहात. म्हणजे एकाला वाटेपलीकडच्या टेबलावर, अनोळखी लोकांबरोबर बसावं लागू शकतं. ती जागा कोणाच्या वाट्याला येईल हे मी तुम्हाला सांगायला नको. सगळ्यांसाठी म्हणून आखलेल्या संध्याकाळी घरातली एक बाई शेजारच्या टेबलावरून मुलाला ‘नीट बस’ म्हणत बसते, हे मला मान्य नाही. पाच जणांची सोय कशी करता, हे फोन करून विचारा. आमनेसामनेची दोन टेबलं मिळत असतील तर बुकिंग करतानाच नोंदवून घ्या. गाडी भरल्यावर अशी अदलाबदल कोणी करून देत नाही.

चढण्या-उतरण्याचंही तसंच. जुन्या डब्यांच्या पायऱ्या उंच आणि अरुंद असतात. फलाट बुटका असला तर खाली एक स्टूल ठेवतात, त्यावर पाय देऊन कठड्याला धरून वर चढायचं. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, तेही थंडीत तीन तास बसून आखडल्यावर. लिफ्ट आहे का, ती कोणत्या डब्यापाशी लागते आणि त्याच डब्यात टॉयलेट आहे का, हे तिन्ही प्रश्न एकदम विचारा. काचेच्या छताचा डबा महाग असतो आणि त्यात जिना चढून वर जायचं असतं, तो मोह सोडा. कोणाला उलट्या दिशेने बसून मळमळत असेल तर त्याचाही विचार करा. गाडी न वळता परत येणारी असेल, तर जाताना जो सरळ बसला तो येताना उलटा बसणार, आणि खिडकी तीच राहणार. नदी डावीकडे असेल तर उजवीकडच्यांना ती जाताना नाही आणि येतानाही नाही. दिवसाची फेरी घेतलीत तर बाजू विचारून मगच जागा घ्या.

सासूबाईंच्या जेवणाकडे मी जरा जास्त लक्ष देईन. गाडीतलं स्वयंपाकघर म्हणजे एक चिंचोळी पट्टी असते. मेन्यू ठरलेला, पदार्थ बुकिंगच्या वेळीच निवडायचा, आयत्या वेळी काही बदलून मिळण्याची आशा नको. शाकाहारी म्हणून एकच पर्याय असतो, बहुधा पास्ता नाहीतर भाजलेल्या भाज्या. ‘व्हेजिटेरियन आहे का’ एवढं विचारून भागत नाही. सूप चिकनच्या पाण्यावर केलंय का, गोडात अंडं किंवा जिलेटिन आहे का, हे नावं घेऊन विचारा. शेजारच्या टेबलांवर टर्की आणि बीफ असणार हेही त्यांच्या कानावर घाला. काहींना त्याचं काही वाटत नाही, काहींच्या घशाखाली घास उतरत नाही. त्या तक्रार करणार नाहीत, ‘मला भूकच नाही’ म्हणतील, आणि ११५ डॉलरचं ताट पावाचा एक तुकडा मोडून परत जाईल. त्या मार्गशीर्षातले गुरुवार करत असतील तर तारीख ठरवण्याआधी कॅलेंडरही बघा. उपास सोडायची वेळ आणि गाडीची वेळ एकच निघाली तर त्यांची पंचाईत होईल.

मुलाचं थोडक्यात सांगते. सहा वर्षांच्या मुलाला रात्री तीन तास पांढऱ्या टेबलक्लॉथपाशी बसवणं ही त्याला शिक्षा आणि तुम्हालाही. लहान मुलांसाठी नाताळच्या वेगळ्या गाड्या असतात, तासाभराच्या, सांता येतो, गरम चॉकलेट आणि कुकी मिळते, मुलं पायजम्यातच येतात. त्याचा आनंद तिथे आहे.

मग ही डिनर ट्रेन कोणासाठी चांगली? दोघांसाठी, म्हणजे लग्नाचा वाढदिवस असलेल्या जोडप्यासाठी, ज्यांना तीन तास समोरासमोर बसून बोलायचंय आणि बाहेर काय दिसतं याची फिकीर नाही. ज्यांना फार चालवत नाही पण बाहेरचं जग बघायची हौस आहे अशा ज्येष्ठांसाठी, दिवसाच्या फेरीत आणि लिफ्टची सोय असेल तर. आणि जुनी रेल्वे जगावी असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांच्यासाठी. यातल्या कित्येक गाड्या ना-नफा संस्था आणि स्वयंसेवक चालवतात, शंभर वर्षांच्या इंजिनांची देखभाल प्रवाशांच्या पैशातून होते. त्यासाठी दिलेले पैसे मला कधी वाया गेलेले वाटत नाहीत. जेवणासाठी म्हणून मात्र जाऊ नका. त्याच पैशांत जमिनीवरच्या चांगल्या रेस्तराँमध्ये अधिक गरम आणि तुमच्या मनासारखं जेवण मिळतं.

तुमच्या घराचा विचार केला तर माझा कौल स्पष्ट आहे. २४ तारखेच्या रात्रीची, पाच जणांची ती फेरी घेऊ नका. त्याऐवजी दोन गोष्टी सुचवते.

एक, हडसन लाइन. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून मेट्रो-नॉर्थच्या साध्या लोकलने पोकीप्सीपर्यंत जा. सुमारे पावणेदोन-दोन तासांचा प्रवास आहे. जाताना डावीकडच्या खिडक्या धरा. हार्लेम मागे पडलं आणि गाडी नदीला लागली की जवळजवळ शेवटपर्यंत हडसन अगदी रुळांना खेटून. समोरच्या काठावर पॅलिसेड्सचे उभे कडे, पुढे बेअर माउंटनचा पूल, पलीकडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या दगडी इमारती, बीकन स्टेशनच्या अलीकडे नदीतल्या बेटावर बॅनरमनच्या किल्ल्याचे भग्न अवशेष. डिसेंबरात झाडं निष्पर्ण असतात त्यामुळे नदी उलट जास्त मोकळी दिसते, आणि नशीब असेल तर काठच्या झाडावर किंवा बर्फाच्या तुकड्यावर बाल्ड ईगलही बसलेला दिसतो, ते हिवाळ्यात या नदीवर येतात. या गाडीत खायला मनाई नाही. म्हणजे सासूबाईंनी पहाटे उठून पुरी-भाजी करायची ठरवली तर त्यांना अडवू नका. आपल्या लोकांचं गाडीतलं जेवण तेच असतं, आणि डब्याची झाकणं त्यांच्या हातून उघडली गेली की त्या पाहुण्या राहत नाहीत. तिकीट रोजच्या लोकलचं असल्यामुळे सासऱ्यांनी मनात गुणाकार केला तरी चेहरा पडणार नाही. ही गाडी वेळापत्रकाने धावते, उशीर झाला तर त्यांना घड्याळ काढून तसं म्हणताही येईल.

पोकीप्सीला उतरल्यावर पाय मोकळे करायचे असतील तर स्टेशनजवळच हडसनवरचा जुना रेल्वेपूल आहे. १८८९ मध्ये बांधून पूर्ण झालेला, २००९ पासून पायी चालणाऱ्यांसाठी खुला केलेला, सव्वा मैलाहून थोडा लांब. सासूबाईंनी चार पावलं चालून परतलं तरी हरकत नाही, वर वारा बोचरा असतो. सकाळी दहाच्या आसपासची गाडी घ्या आणि अडीचच्या आत परतीला लागा, म्हणजे येतानाही उजेड सापडेल. शनिवार-रविवार टाळा. नाताळाच्या गर्दीत ग्रँड सेंट्रलमध्ये म्हाताऱ्या माणसांचा हात सुटायला वेळ लागत नाही.

दोन, ही खास बाप-लेकासाठी. पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीत स्ट्रासबर्ग रेलरोड आहे, १८३२ ची सनद असलेली, त्याच सनदेवर आजही चालणारी अमेरिकेतली सर्वात जुनी रेल्वे. लाइन केवढी, तर साडेचार मैलांची, फेरी ४५ मिनिटांची, दोन्ही बाजूंना जुन्या पद्धतीने राहणाऱ्या आमिश लोकांची शेतं. पण पुढे वाफेचं इंजिन आहे. शेवटच्या टोकाला ते सुटतं, शेजारच्या रुळावरून गाडीच्या बाजूने धडधडत मागे येतं आणि दुसऱ्या टोकाला जोडलं जातं. ज्या माणसाने आयुष्यभर बँकर लागताना ऐकले, त्याला ती पाच-दहा मिनिटं फलाटावरच्या मुलाइतकीच खिळवून ठेवतील. तिलाही डायनिंग कार आहे, हौस वाटली तर दुपारी तिथे खाता येईल. समोरच रस्त्यापलीकडे पेनसिल्व्हेनियाचं रेल्वे म्युझियम आहे, थंडी वाजायला लागली की तिथे शिरायचं. डिसेंबरात कोणत्या दिवशी कोणती गाडी आहे ते वेळापत्रक बघून ठरवा, सुटीच्या दिवशी मुलांच्या गाड्यांची गर्दी असते. नातवालाही न्यायचं असेल तर न्या. पण तुमच्या नवऱ्याने वडिलांना एकट्याने घेऊन जावं असं मला फार वाटतं. गाडीत दोन-दोन तास जाताना-येताना दोघंच असतील. त्याला जे द्यायचंय त्यातलं बरंचसं त्या वाटेवरच देऊन होईल.

नवऱ्याशी बोलताना खर्चापासून सुरुवात करू नका. पाचवी जागा, काळोख, पायऱ्या आणि सूप, या चार गोष्टी त्याच्यासमोर ठेवा आणि गाडीवाल्यांना फोन त्यालाच करू द्या. प्रश्न त्याच्या तोंडून गेले की उत्तरंही त्यालाच ऐकावी लागतील, तुम्ही मोडता घालणारी ठरणार नाही. ‘ते कितीदा येणार आहेत’ या त्याच्या वाक्याशी वाद घालू नका. ते खरं आहे. तेवढ्यासाठीच तर त्यांना न झेपणारी रात्र त्यांच्या गळ्यात पडायला नको.

आणि फोनवरची उत्तरं चांगली आली, म्हणजे दुपारची फेरी आहे, लिफ्ट आहे, वाटेच्या अल्याड-पल्याड दोन टेबलं देतात, सूप भाज्यांच्या पाण्यावरचं आहे, तर माझा आक्षेप संपला. जा. फक्त तिकीट काढण्याआधी परताव्याचा नियम वाचा. अशी तिकिटं सहसा परत घेत नाहीत, फार तर तारीख बदलून देतात, आणि डिसेंबरात बर्फ किंवा ज्येष्ठांचा सर्दी-ताप कधी आडवा येईल सांगता येत नाही. तारीख बदलण्याची मुदत किती दिवस आधी संपते ते विचारून ठेवा. सुटीतल्या शनिवारच्या जागा लवकर भरतात, पण आठवड्यातल्या मधल्या वारी मिळू शकतात. तेव्हा या आठवड्यात आधी आईबाबांशी बोला, फोन त्यानंतर.